छोट्या देशातला दूतावास बंद करण्याआधी हे वाचा: परराष्ट्र आणि वाणिज्य मंत्रालयांना खुलं पत्र

परराष्ट्र मंत्रालयं, वाणिज्य मंत्रालयं आणि छोट्या देशांमधल्या दूतावासात व्यापाराचं टेबल सांभाळणारे सगळे अधिकारी, तुम्हा सर्वांना नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका सरकारला नाही, कारण मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच आहे. खर्च कापायची वेळ आली की पहिली नजर छोट्या देशातल्या दूतावासावर जाते, तिथं आपला व्यापार तो केवढा, मग इमारतीचं भाडं, गाड्या, स्टाफ कशाला, शेजारच्या मोठ्या देशातल्या राजदूताकडेच तेही काम देऊन टाका, असा साधा हिशोब मांडला जातो आणि फाइलवर सही होते. कागदावर हा हिशोब बरोबर दिसतो हेही खरं. पण एक्सपोर्टच्या कागदपत्रांमध्ये रोज डोकं घालणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की दूतावासाची खरी गरज लागते ती याच देशांमध्ये. हे मी मनापासून सांगतोय, कारण या टेबलावरचा एक चांगला माणूस किती कामं मार्गी लावतो आणि तो नसला की किती कामं नुसती लटकून राहतात हे माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहिती आहे.

मुळात मोठ्या बाजारात माहिती विकत मिळते. जर्मनी किंवा अमेरिकेत माल पाठवायचा असेल तर बायरचा क्रेडिट रिपोर्ट काढून देणाऱ्या कंपन्या आहेत, कस्टम्सचे वकील आहेत, टेस्टिंग लॅब आहेत, चेंबर आहेत, आपल्यासारखाच माल आधी पाठवून बसलेले पन्नास जण आहेत. दूतावासाने मदत केली तर उत्तम, नाही केली तरी काम अडत नाही. छोट्या देशात यातलं बरंच काही नसतंच, कारण गिऱ्हाईकच एवढी थोडी की कन्सल्टंट कंपनीला तिथं ऑफिस परवडत नाही. सरकारी वेबसाइट असते पण तिच्यावरचा दराचा तक्ता जुना असतो, फोन उचलला तर समोरचा माणूस दुसऱ्याच खात्याचा निघतो, आणि ज्या एका क्लिअरिंग एजंटला सगळं माहिती आहे तो आधीच तुमच्या स्पर्धकाचं काम करत असतो. मग विचारायचं कुणाला? उत्तर एकच उरतं, आपला दूतावास.

आणि हे नुसतं आमच्यासारख्यांचं म्हणणं नाही. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू रोझ यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात २२ निर्यातदार देश आणि जवळपास २०० बाजार घेऊन त्यांनी बघितलं की परदेशातल्या कचेऱ्यांचा निर्यातीशी काही संबंध दिसतो का. बाकीच्या सगळ्या गोष्टी सारख्या धरल्या तर प्रत्येक जादा कचेरीमागे निर्यात साधारण ६ ते १० टक्क्यांनी जास्त दिसते असं त्यात निघालं. आता कुणी म्हणेल की जिथं व्यापार वाढतो तिथंच कचेऱ्या उघडतात, त्यात काय नवल, आणि ही शंका रास्त आहे, त्या अभ्यासातही तिचा विचार केलेला आहे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पहिला दूतावास उघडल्याचा परिणाम हा त्यानंतरच्या जादा कचेऱ्यांपेक्षा मोठा दिसतो. म्हणजे ज्या देशात तुमच्या पाच कचेऱ्या आहेत तिथं सहावी काढण्यापेक्षा जिथं एकही नाही तिथं पहिली काढणं जास्त फायद्याचं, आणि याच न्यायाने, जिथं एकच आहे तिथली ती एक बंद करणं सगळ्यात महागात पडणारं.

व्यापार हे दूतावासाचं फावल्या वेळातलं काम आहे असं अजूनही काही जणांना वाटतं, त्यांना एवढंच सांगतो की १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या कलमात दूतावासाची जी कामं दिली आहेत त्यात आर्थिक संबंध वाढवणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि १९६३ च्या वाणिज्य दूतांच्या करारात तर व्यापारवाढ हे नाव घेऊनच येतं. कॅनडाचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. त्यांनी जॉन शॉर्ट लार्क यांना १८९४ मध्ये ट्रेड कमिशनर म्हणून नेमलं आणि ते १८९५ च्या सुरुवातीला सिडनीला पोचले, तेव्हा ऑस्ट्रेलिया हा एक देशसुद्धा झालेला नव्हता, वेगवेगळ्या वसाहती होत्या. आणि कॅनडाची स्वतःची पहिली राजनैतिक कचेरी वॉशिंग्टनमध्ये उघडली ती थेट १९२७ मध्ये. म्हणजे व्यापाराचा माणूस आधी गेला आणि राजदूत तीसेक वर्षांनी.

आता हा माणूस नेमकं करतो काय ते जरा जवळून सांगतो, कारण मंत्रालयात बसून हे दिसत नाही.

समजा एक कंटेनर बुर्किना फासोला चाललाय. या देशाला समुद्रकिनारा नाही, त्यामुळे माल टोगोतलं लोमे, घानातलं तेमा किंवा आयव्हरी कोस्टमधलं आबिजान अशा दुसऱ्याच देशाच्या बंदरात उतरतो आणि तिथून रस्त्याने किंवा रेल्वेने आत जातो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसारखी इथंही कार्गो ट्रॅकिंग नोट लागते, म्हणजे बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती), इनव्हॉइस, भाडं, वजन ही सगळी माहिती आधी भरून एक नंबर घ्यायचा आणि तो नंबर कागदांवर यायला हवा. आता शिपिंग लाइनने शेवटच्या क्षणी जहाज बदललं आणि नोटवर जुन्याच जहाजाचं नाव राहिलं. माल लोमेला उतरला. कागद जुळत नाहीत म्हणून अडकला. फ्री डेज म्हणजे बिनआकाराचे दिवस संपतात, डेमरेज म्हणजे बंदरात कंटेनर पडून राहिल्याचा आकार सुरू होतो, मग कंटेनर वेळेत परत न केल्याचं डिटेन्शन, आणि हे मीटर शनिवार रविवार बघत नाही. एजंट म्हणतो दंड भरा, बायर म्हणतो तुमची चूक तुम्ही निस्तरा, शिपिंग लाइन मेलला ठरावीक उत्तर पाठवते, आणि निर्यातदाराला तर हेही कळत नाही की दुरुस्तीचा अर्ज लोमेत करायचा की बुर्किनाच्या राजधानीत, वागाडुगूत, की नोट जिथून काढली तिथल्या एजंटकडे.

अशा वेळी वागाडुगूतल्या दूतावासात बसलेला माणूस काय करू शकतो? नियम तो वाकवू शकत नाही आणि वाकवूही नये. पण तो ट्रॅकिंग नोटचं काम बघणाऱ्या शिपर्स कौन्सिलच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारू शकतो की दुरुस्तीसाठी नेमकं काय हवं, सही कुणाची लागते, तो साहेब रजेवर असेल तर चार्ज कुणाकडे आहे. आणि लोमेत आपली कचेरी असेल किंवा त्या देशाचं काम बघणारा दुसरा राजदूत असेल तर त्याला फोन करून सांगू शकतो की कागद येतोय, बंदरात लक्ष ठेवा. बस. याने दंड माफ होईलच असं नाही, पण तीन आठवडे अडकणारा माल चार दिवसांत सुटू शकतो, आणि छोट्या निर्यातदाराचा पुढच्या ऑर्डरचा पैसा या फरकातच असतो. जगात ३२ विकसनशील देश असे आहेत ज्यांना समुद्र नाही. रवांडाचा माल दार-ए-सलाम किंवा मोंबासावरून जातो, पॅराग्वेचा बराचसा नदीतून बार्जवर. या प्रत्येक ठिकाणी दोन देशांची कस्टम्स, कधी दोन भाषा आणि दोन वेगळे साहेब आहेत. म्हणून मंत्रालयांना माझं कळकळीचं म्हणणं आहे की छोट्या देशाचा दूतावास आणि त्याच्या बंदराच्या देशातला दूतावास यांना एकमेकांशी थेट बोलू द्या, प्रत्येक गोष्ट राजधानीत मुख्यालयाला पाठवून तिथून परत खाली यायला लावू नका.

दुसरी गोष्ट बायरची. छोट्या देशातून चौकशी आली की निर्यातदाराला एकाच वेळी आनंद पण होतो आणि भीती पण वाटते, कारण ही कंपनी खरी आहे का हे घरी बसून समजायला मार्गच नसतो. दूतावासाला मेल टाकला आणि आठवड्याभरात उत्तर आलं की बाबा, गोदाम बघून आलो, माल हलतोय, मालक भेटला, पण कंपनी नवीन रजिस्टर झाली आहे तेव्हा पहिला व्यवहार उधारीवर करू नका, तर या चार ओळींची किंमत कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त आहे. आणि बहुतेक दूतावासांकडून येतं काय, तर चेंबरच्या सदस्यांची जुनी यादी पीडीएफ करून, त्यातले निम्मे फोन बंद. यादी पाठवणं म्हणजे मदत केली असं कृपा करून धरू नका.

बँकांचं तर वेगळंच दुखणं आहे. २०११ नंतर मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकांनी छोट्या देशांतल्या बँकांशी असलेले करस्पॉन्डंट संबंध, म्हणजे एकमेकांमार्फत परदेशी पैसे पाठवण्याची सोय, भराभर कमी केले, मनी लाँडरिंगचे नियम कडक झाले, धंदा थोडा आणि जोखीम जास्त असं त्यांना वाटलं, आणि याचा मार पॅसिफिकमधल्या आणि कॅरिबियनमधल्या बेटांना जास्त बसला. आता बायर प्रामाणिक आहे, त्याच्याकडे पैसे आहेत, एलसी म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी पण उघडतो, पण त्याच्या बँकेची एलसी कन्फर्म करायला, म्हणजे तिच्यावर स्वतःची हमी द्यायला, आपल्याकडची बँक तयार नाही. हा प्रश्न एकटा निर्यातदार कधीच सोडवू शकत नाही. दूतावास मात्र तिथल्या सेंट्रल बँकेत जाऊन विचारू शकतो की सध्या कुठल्या बँकांचे संबंध चालू आहेत, पैसे कुठल्या मार्गाने येतात, आणि ही माहिती आपल्या बँकांना आणि एक्सपोर्ट क्रेडिट विमा देणाऱ्या संस्थेला कळवू शकतो. हे काम मला तरी दहा व्यापार मेळाव्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

कागदांच्या शिक्क्यांचंही तसंच. अपोस्टील म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, त्याच्या १९६१ च्या करारात आता सव्वाशेच्या वर देश आहेत, तिथं एका शिक्क्यावर काम भागतं. जे त्यात नाहीत त्यांच्यासाठी कागद, ते जिथं वापरायचे त्या देशाच्या दूतावासातूनच साक्षांकित करून घ्यावे लागतात, आणि दूतावासच नसेल तर ते कुरियरने तिसऱ्या देशात जातात. डिस्ट्रिब्युटरशी करार, कंपनीची कागदपत्रं, टेंडरसाठीचं मुखत्यारपत्र, सगळं या रांगेत उभं राहतं आणि टेंडरची तारीख काही थांबत नाही.

आता छोटा देश म्हणजे कायम छोटाच सौदा, हाही एक गैरसमज आहे. २००५ मध्ये ब्रुनेई, चिली, न्यूझीलंड आणि सिंगापूर या चार देशांनी आपसात एक व्यापार करार केला, तेव्हा मोठ्या देशांपैकी फार कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. तोच पुढे वाढत वाढत ट्रान्स पॅसिफिक वाटाघाटींचा पाया झाला, अमेरिका त्यात आली आणि २०१७ मध्ये बाहेरही पडली, तरी उरलेल्यांनी तो २०१८ च्या शेवटी लागू केला आणि आज त्यात जपान, कॅनडा, ब्रिटन आहेत. त्या चार देशांमध्ये ज्यांचे अधिकारी कान उघडे ठेवून बसले होते त्यांना दिशा लवकर कळली असणार. तसंच २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोमोरोस आणि तिमोर-लेस्ते हे दोन छोटे देश डब्ल्यूटीओत म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत आले आणि सदस्य १६६ झाले. अशा देशात एकापाठोपाठ एक नवे कायदे होतात, कस्टम्सचे, लेबलचे, अन्नसुरक्षेचे, आणि मसुदा चर्चेत असतानाच एखादी सूचना मांडता येते, एकदा नियम छापून आला की मग नुसतं पाळणं उरतं. त्या वेळी तिथं आपलं कुणी असायला नको का?

इथपर्यंत सगळं आपण त्यांना काय विकतो यावर झालं. पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते उलट्या बाजूवर, कारण तिथं तुमचं लक्ष सगळ्यात कमी आहे. समोरच्या देशाकडे विकायला काही नसेल तर तो आपल्याकडून घेणार कशाच्या जोरावर? डब्ल्यूटीओच्या २००५ च्या हाँगकाँग परिषदेत ठरलं होतं की सगळ्यात कमी विकसित देशांच्या किमान ९७ टक्के प्रकारच्या मालाला विकसित देश बिनशुल्क, बिनकोटा प्रवेश देतील. युरोपने तर २००१ पासूनच शस्त्रं सोडून बाकी सगळ्याला सवलत दिलेली आहे. आज सगळ्यात कमी विकसित देशांच्या यादीत ४४ देश आहेत. सवलत आहे, कागदावर आहे, पण बऱ्याचदा वापरलीच जात नाही. कारण तिथल्या छोट्या उत्पादकाला माहितीच नसतं की आपल्या मालाला शून्य टक्के शुल्क लागतं, माहिती असलं तर उगमाचा दाखला, म्हणजे माल याच देशात बनल्याचा कागद, कसा काढायचा ते कळत नाही, आणि कच्चा माल शेजारच्या देशातून आणला असेल तर तो उगमाच्या नियमात बसतो की नाही हे सांगणारं कुणी नसतं. शिवाय शुल्क शून्य असलं तरी कीटकनाशकाच्या अंशाची मर्यादा, लॅबचा रिपोर्ट, पॅकिंगच्या लाकडावरचा कीडमुक्तीचा शिक्का हे सगळं तसंच उभं असतं.

हे सांगण्याचं काम त्या देशातला तुमचा दूतावास करू शकतो, आणि त्याने ते करायला हवं. कारण त्या छोट्या देशांचे स्वतःचे दूतावास जगभर मिळून मोजकेच, एकेक राजदूत पाच सहा देश बघतो, व्यापार, व्हिसा, विद्यार्थी सगळं त्याच्याच अंगावर. त्यांच्या राजधानीतलं तुमचं ऑफिस हेच त्यांच्या उत्पादकासाठी तुमच्या बाजाराचं दार आहे. पण तुमच्या वार्षिक अहवालात कॉलम असतो फक्त निर्यातीचा, मग अधिकारी तरी हे काम का करेल? हा कॉलम बदला. भूतान २०२३ च्या डिसेंबरमध्ये या यादीतून बाहेर पडला, साओ तोमे अँड प्रिन्सिप २०२४ च्या डिसेंबरमध्ये, आणि बाहेर पडल्यावर सवलती एकदम किंवा हळूहळू जातात. ही वेळ तर हात धरून चालण्याची आहे, तेव्हाच अधिकारी काढून घेऊ नका.

थोडं कडक पण बोलतो. या टेबलावर जो येतो तो तीनेक वर्षांत बदलून जातो आणि जाताना सगळी ओळख त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये घेऊन जातो, नवा माणूस शून्यापासून सुरू करतो. टिकून राहतो तो स्थानिक स्टाफ, ज्याला कुठल्या खात्यात कोण बसतो हे पाठ असतं, आणि पगार कमी, बढती नाही म्हणून तोच सोडून जातो. त्याला नीट पगार द्या, ट्रेनिंग द्या, आणि सेवाकाळ संपताना हँडओव्हरची फाइल सक्तीची करा. मोठी शिष्टमंडळं, फोटो, सामंजस्य करार यात आठवडे जातात आणि त्यानंतर सहा महिन्यांनी पाठपुरावा विचारला तर फाइल कुठे आहे ते सांगता येत नाही. आणि मोठ्या कंपनीचा साहेब आला की राजदूत स्वतः विमानतळावर, छोट्या निर्यातदाराच्या मेलला मात्र पोचही नाही. मोठ्या कंपनीकडे तिथं आपला माणूस असतो हो, तुमची खरी गरज त्या दुसऱ्याला आहे.

दूतावास सगळीकडे उघडणं शक्य नाही हे मलाही कळतं. व्हिएन्ना करारातच सोय आहे की एक राजदूत अनेक देश बघू शकतो, किंवा दोन तीन देश मिळून एकच माणूस नेमू शकतात, आणि मानद वाणिज्य दूतही नेमता येतो, जो बहुतेक वेळा तिथलाच व्यापारी असतो. यातला प्रत्येक मार्ग चालतो, फक्त जबाबदारी ठरलेली हवी. मानद दूताचा स्वतःचा धंदा त्याच मालात असेल तर दुसऱ्यांच्या चौकश्या त्याच्याकडून पुढे जातील का, हे आधी बघा. राजदूत शेजारच्या देशात बसणार असेल तर त्याला दौऱ्याचं बजेट द्या, नाहीतर तो नेमणुकीचं अधिकारपत्र द्यायला एकदा जातो आणि निरोप घ्यायला एकदा. भारताने २०१८ मध्ये आफ्रिकेत १८ नवे दूतावास उघडायला मंजुरी दिली, त्यात काबो व्हर्दे, टोगो, गिनी बिसाऊ, साओ तोमे असे अगदी छोटे देश होते, आणि सुरुवात रवांडापासून झाली. हा निर्णय मला मनापासून पटला. पण इमारतीवर झेंडा लागला म्हणजे काम झालं असं होत नाही, आत व्यापार कळणारा माणूस बसला का, हे बघायला हवं, आणि हे सगळ्याच देशांना लागू आहे.

म्हणून मागणी एवढीच. छोट्या देशातल्या प्रत्येक दूतावासात व्यापारासाठी एक ठरलेला माणूस, त्याचा चालू असलेला मेल आणि फोन उघडपणे दिलेला, आणि उत्तराला मुदत. त्याचं काम व्यापाराच्या एकूण रकमेवर मोजू नका, किती चौकश्या आल्या, किती अडलेले माल सुटले, तिथल्या किती उत्पादकांना आपल्या बाजारात यायला मदत झाली, यावर मोजा. आणि यंदा बंद करायच्या यादीत ज्या दूतावासांची नावं असतील त्यांची गेल्या दोन वर्षांची व्यापार टेबलावरची मेलबॉक्स आधी मागवा. तिथं उत्तरं न गेलेल्या चौकश्या पडलेल्या दिसल्या तर दूतावास बंद करू नका, तिथं माणूस पाठवा.

तुमचा,
एक्सपोर्टच्या कागदपत्रांचं काम करणारा एक जण